गरम, सुजलेलं, पण न दुखणारं पाऊल: चेतातंतू गेले की हाडाचं काय होतं?

चेतातंतू

नडगीला खाटेचा पाय लागला की डोळ्यांपुढे काजवे चमकतात. ती कळ हाडाच्या कठीण भागातून येत नाही. हाडावर एक पातळ, चिवट आवरण असतं, पेरिऑस्टियम, तिथून ती येते. उंदराच्या मांडीच्या हाडात चेतातंतूंची घनता मोजली गेली आहे. या आवरणातली घनता १०० धरली, तर हाडाच्या आतल्या मगजात (अस्थिमज्जेत) ती २ आणि कठीण हाडात जेमतेम ०.१ भरते. आवरणातले तंतू मासे धरायच्या जाळ्यासारखे विणलेले असतात. हाड कुठे वाकलं, कुठे चिरलं, हे त्या विणीला आधी कळतं.

आधीच एक खुलासा. मराठीत आपण चेतातंतूलाही ‘नस’ म्हणतो आणि रक्तवाहिनीलाही. ‘नस दबली’ आणि ‘नस फुगली’ यांतल्या नसा वेगळ्या आहेत. या धाग्यात पहिल्या प्रकाराला चेतातंतू म्हणू, म्हणजे घोळ होणार नाही.

हाडात मुख्यतः दोन जातींचे तंतू शिरतात. एक संवेदनेचे आणि दुसरे सिंपथेटिक, म्हणजे धोका दिसला की छातीत धडधड सुरू करणाऱ्या यंत्रणेचे. संवेदनेचे तंतू मेंदूकडे फक्त बातमी नेतात असं शाळेत शिकवतात. पण त्यांच्या टोकांतून सीजीआरपी आणि सबस्टन्स पी ही रसायनं तिथल्या तिथे हाडातही झिरपतात. सिंपथेटिक तंतू नॉरएपिनेफ्रिन सोडतात.

हाडाच्या बाजूने ऐकणारे कोण? हाड बांधणाऱ्या पेशी म्हणजे ऑस्टिओब्लास्ट आणि हाड विरघळवणाऱ्या म्हणजे ऑस्टिओक्लास्ट. विरघळवणाऱ्या पेशी तयार व्हायला रँकल नावाचं प्रथिन लागतं, आणि ते बांधणाऱ्या पेशींच्याच कुळातून येतं. म्हणजे तोडण्याचा हुकूमही गवंड्याच्याच घरून निघतो. सीजीआरपी हा हुकूम दाबून धरतं आणि बांधकामाला हात देतं. नॉरएपिनेफ्रिन बांधणाऱ्या पेशींवरच्या बीटा-२ ग्राहकावर (रिसेप्टर, म्हणजे पेशीवर रसायन जिथे बसतं ती जागा) बसलं की रँकल वाढतं.

मेंदूचा यातला हात २००० साली दिसला. लेप्टिन (चरबीतून येणारं, भूक आवरणारं संप्रेरक) न बनवणाऱ्या लठ्ठ उंदरांचं हाड अपेक्षेपेक्षा जास्त भरतं आणि मेंदूत थेट लेप्टिन सोडलं की ते घटतं, हे जेरार्ड कार्सेंटी यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं. हा निरोप सिंपथेटिक तंतूंवरून खाली येतो हे २००२ मध्ये त्याच गटाने मांडलं. उलट दिशेची वाटही आहे. हाडातल्या पेशी पीजीई-२ नावाचं रसायन सोडतात, ते संवेदनेच्या तंतूंवरच्या ईपी-४ ग्राहकाला लागतं, मेंदूला बातमी पोचते आणि मेंदू सिंपथेटिकचा जोर कमी करतो. हे २०१९ मध्ये उंदरांत दिसलं. हाड आपली अवस्था कळवतं आणि मेंदू त्याप्रमाणे हात आखडतो किंवा सैल सोडतो.

म्हणजे हाडासाठी चेतातंतूंची कामं दोन. एक रसायनांनी बांधणी-तोडणीचा तोल राखणं आणि दुसरं दुखवून माणसाला थांबवणं. दोन्ही एकदम बंद पडली आणि माणूस मात्र चालत राहिला, तर काय होतं याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण मधुमेहातलं शार्को पाऊल आहे, म्हणजे बधिर पावलातली हाडं-सांधे मोडत, विरघळत जाणं. पॅरिसमध्ये जाँ-मार्तँ शार्को यांनी १८६८ मध्ये असे सांधे वर्णन केले ते पाठीच्या कण्यापर्यंत गेलेल्या सिफिलिसच्या रुग्णांत. मधुमेहाशी नातं १९३६ मध्ये जॉर्डन यांनी जोडलं. आज असे सांधे बहुतेक मधुमेहातच दिसतात. २०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) पाहणीनुसार भारतात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे, म्हणून हा विषय इथे सविस्तर व्हावा असं वाटतं. दवाखान्यातली बाजू जाणकारांनी लिहावी.

पाऊलखूण

चांगला धागा. ओळखायचं कसं ते लिहितो, कारण सगळं नुकसान ओळख पटायला लागलेल्या आठवड्यांत होतं.

चित्र साधारण असं: मधुमेह बऱ्याच वर्षांचा, पाय बधिर. एकच पाऊल सुजलेलं, लालसर, हाताला स्पष्ट गरम. जखम नाही, ताप नाही. दुखणं अजिबात नाही किंवा ‘जरा ठणकतं’ एवढंच. हे दुसरं महत्त्वाचं आहे, कारण जवळपास निम्म्या रुग्णांना थोडं तरी दुखतं. ‘दुखतंय, म्हणजे शार्को नाही’ असा निष्कर्ष काढू नये. पायाची अवस्था आणि दुखण्याची तीव्रता यांचा मेळ बसत नाही, ही खरी खूण.

याला मुरगळणं, गाऊट, सेल्युलायटिस (कातडीखालचा जंतुसंसर्ग) किंवा पोटरीतली रक्ताची गुठळी समजलं जातं. अँटिबायोटिकचा एक कोर्स, मग दुसरा, आणि रुग्ण चालतोच आहे. फरक करायच्या काही गोष्टी:

पाय उशांवर छातीपेक्षा वर ५ ते १० मिनिटं ठेवा. शार्कोची लाली बरीच ओसरते, सेल्युलायटिसची टिकते. ही चाचणी फुकट आहे आणि तरी फार कमी वेळा केली जाते.

सीआरपी आणि ईएसआर (दाह दाखवणाऱ्या रक्ताच्या तपासण्या) शार्कोत बहुधा नॉर्मल किंवा किंचित वाढलेले असतात. पाऊल इतकं लाल आणि सीआरपी शांत, ही विसंगती दिसली की कान टवकारावेत.

जखम असेल तर मात्र हाडातल्या जंतुसंसर्गाचा विचार आधी. बोथट सळईने जखमेच्या तळाशी हाड लागतं का ते बघायचं. जखम आणि शार्को एकत्रही असू शकतात.

दोन्ही पाय सारखेच सुजले असतील तर आधी औषधांची यादी तपासा. अम्लोडिपिन, प्रीगाबालिन, पायोग्लिटाझोन ही तिन्ही पायांवर सूज आणतात आणि मधुमेहींच्या गोळ्यांच्या डब्यात ती सर्रास असतात.

संशय आला की त्याच दिवशी पायावरचा भार बंद करायचा. तपासण्या नंतर. एमआरआयची तारीख आठ दिवसांनी मिळाली म्हणून आठ दिवस चालू द्यायचं नाही.

शतपावली

दोन शंका. (१) मधुमेहात पायाचा रक्तपुरवठा कमी होतो असं ऐकत आलो आहे. मग अशा पायाची नाडी जोरात कशी लागते? (२) एक्स-रे नॉर्मल आला तर निर्धास्त व्हावं का?

पाऊलखूण

दुसरीचं आधी: नाही. सुरुवातीच्या काळात एक्स-रे पूर्ण नॉर्मल असू शकतो. त्या वेळी एमआरआयमध्ये हाडाच्या मगजातली सूज दिसते आणि बारीक चिरा दिसतात. थांबवायचं ते याच टप्प्यावर. एक्स-रे काढताना दोन्ही पावलांचा, शक्य असेल तर उभं राहून, समोरून, तिरका आणि बाजूने असा घ्यावा. झोपवून काढलेल्या फोटोत सरकलेली हाडं जागेवर असल्यासारखी वाटतात. अंगठ्याच्या आणि शेजारच्या बोटाच्या लांब हाडांच्या मुळाशी २ मिलीमीटरपेक्षा जास्त फट दिसली तर मधल्या पावलाचा सांधा सुटायला लागला आहे. शार्को सर्वाधिक वेळा इथेच बसतो. पावलाची कमान खचते, तळवा झुल्याच्या तळासारखा बाहेर फुगतो आणि त्या उंचवट्यावर पुढे व्रण पडतो. पाय कापायची वेळ येते ती बहुधा या व्रणातल्या संसर्गाने.

पहिली शंका फार नेमकी आहे, तिचं उत्तर धागाकर्त्याने द्यावं.

चेतातंतू

देतो. लहान रक्तवाहिन्या किती आवळायच्या हे सिंपथेटिक तंतू ठरवतात. मधुमेहात तेही मरतात. मग धमनीतून थेट शिरेत जाणारे आडमार्ग उघडेच राहतात आणि पावलात रक्त धो-धो वाहतं. म्हणून नाडी उसळते, पावलावरच्या शिरा टम्म फुगतात आणि घाम बंद झाल्याने कातडी कोरडी, भेगाळ होते. शार्को बहुधा असा चांगला रक्तपुरवठा असलेल्या पायालाच होतो. विरघळवणाऱ्या पेशी रक्तातल्या पूर्वज पेशींपासूनच बनतात. ज्या पायात रक्त पोचत नाही तिथे एवढी तोडफोड करायला मनुष्यबळच नसतं.

यावर जुना वाद आहे. एक पक्ष म्हणायचा, संवेदना नाही म्हणून वारंवार इजा होते आणि हाड मोडतं. दुसरा म्हणायचा, रक्तप्रवाह बिघडल्याने हाड आधीच पोकळ होतं. आता दोन्ही धागे रँकलपाशी जोडले जातात. एखादी छोटी इजा होते, कधी ती आठवतही नाही. सूज आणणारी रसायनं, म्हणजे टीएनएफ-अल्फा, इंटरल्युकिन-१ आणि ६, सुटतात आणि रँकल वाढवतात. निरोगी माणसात इथे दोन ब्रेक लागतात. दुखतं म्हणून तो लंगडतो, आणि तंतूंतलं सीजीआरपी रँकलला आवर घालतं. बधिर पायात दोन्ही ब्रेक नाहीत. प्रत्येक पावलागणिक नवी इजा, नवी सूज, आणखी रँकल. हे चाक फिरत राहतं.

माझ्या मते ‘हाड ठिसूळ झालं म्हणून मोडलं’ ही मांडणी इथे अपुरी आहे. टाइप २ मधुमेहात डेक्सा (हाडांची घनता मोजणाऱ्या) तपासणीत घनता बरेचदा नॉर्मल किंवा जास्तच येते, तरी हाडं मोडण्याचा धोका वाढलेला असतो. डेक्साचा आकडा बघून बधिर पावलाबद्दल निश्चिंत होऊ नये.

भौतिकोपचार

इथे मज्जारज्जूच्या दुखापतीशी तुलना उपयोगी पडेल. तिथेही खालच्या भागातले निरोप तुटतात, पण चालणंही थांबतं. म्हणून हाड तुकडे-तुकडे होत नाही, ते निमूटपणे विरळ होतं. सगळ्यात जास्त झीज गुडघ्याच्या वर आणि खाली होते, मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला आणि नडगीच्या वरच्या टोकाला. पहिल्या वर्षात ती सर्वांत वेगाने होते. फक्त पाय लुळे असतील तर मनगटाचं हाड शाबूत राहतं. म्हणजे सगळ्या शरीराचं कॅल्शियम कमी झालं असं नसतं, झीज त्या त्या भागापुरती असते.

व्यवहारात यातून निघणाऱ्या गोष्टी: पलंगावरून व्हीलचेअरवर घेताना पाऊल पायपट्टीत अडकून मांडी पिळली तरी फ्रॅक्चर होतं. गुडघा वाकवताना झटका द्यायचा नाही, एक हात सांध्याच्या लगेच वर आणि एक लगेच खाली ठेवायचा. लांब टोकाला धरून वाकवलं की हाडाची तरफ होते. रुग्णाला दुखणार नाही, म्हणून फ्रॅक्चरच्या खुणा वेगळ्या शोधायच्या: गुडघ्याशी नवी सूज, अचानक वाढलेले स्नायूंचे झटके. दुखापत छातीच्या सहाव्या मणक्याच्या वर असेल तर डोकं दुखणं, घाम आणि एकदम चढलेला रक्तदाब. असा रक्तदाब चढला तर आधी रुग्णाला बसतं करा, घट्ट कपडे-पट्टे सोडा, लघवीची नळी तुंबली आहे का बघा आणि लगेच दवाखाना गाठा.

त्याच रुग्णात काही आठवड्यांनी नितंबाच्या सांध्याभोवतीच्या मऊ भागात नवं हाडही तयार होऊ शकतं. तेही गरम, सुजलेलं दिसतं आणि गुठळी किंवा संसर्ग समजलं जातं. एकाच शरीरात खाली हाड विरतंय आणि शेजारी नको तिथे उगवतंय. चेतातंतू फक्त ‘हाड वाढव’ किंवा ‘हाड घटव’ म्हणत नाहीत, ते जागा राखतात, हे यातून दिसतं.

शतपावली

मग औषधांनी हा तोल सुधारता येत नाही का? हाडाची झीज रोखणारी झोलेड्रोनेट, डेनोसुमॅब, किंवा कॅल्शियम? आणि नॉरएपिनेफ्रिन हाड घटवतं, तर रक्तदाबाच्या बीटा-ब्लॉकरने फायदा व्हायला हवा.

चेतातंतू

तर्क बरोबर आहे, पण प्रत्यक्षात तितकं सरळ नाही.

सक्रिय शार्कोसाठी झोलेड्रोनेट, पामिड्रोनेट, अलेंड्रोनेट, कॅल्सिटोनिन वापरून पाहिलं गेलं. मधुमेही पायावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाने २०२३ च्या मार्गदर्शनात ही औषधं शार्कोसाठी वापरू नयेत असं म्हटलं आहे, आणि डेनोसुमॅबही नाही. यांनी हाड जुळायचा वेळ खात्रीने कमी होत नाही. ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम कमी असेल तर भरून काढावं, ते वेगळं. ऑस्टिओपोरोसिस स्वतंत्रपणे असेल तर त्याचे उपचार चालू ठेवायचे का, हे डॉक्टरांशी बोलून ठरवावं, मनाने बंद करू नये.

बीटा-ब्लॉकरबद्दल: उंदरांत बीटा-२ ग्राहक महत्त्वाचा ठरला होता. माणसांत उलट चित्र निघालं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पाळी थांबलेल्या १५५ स्त्रियांना २० आठवडे वेगवेगळी औषधं दिली. बीटा-१ वरच मुख्यतः काम करणाऱ्या अटेनोलॉल आणि नेबिव्होलॉलने हाड विरघळण्याची रक्तातली खूण सुमारे २० टक्क्यांनी घटली. दोन्ही ग्राहक अडवणाऱ्या प्रोप्रॅनोलॉलने नाही. पण मोडणारी हाडं कमी होतात का, याचं उत्तर २० आठवड्यांत मिळत नाही. रक्तदाबासाठी लागतं म्हणून घेत असाल तर घ्या. हाडासाठी म्हणून सुरू करू नका. मधुमेहात बीटा-ब्लॉकर साखर उतरल्याची धडधड झाकतात, हेही लक्षात ठेवावं.

दुखण्याची राखण काढून घेतल्यावर काय होतं, याचं एक उदाहरण औषधांच्या इतिहासात आहे. तंतूंना जगवणारं एनजीएफ नावाचं प्रथिन अडवून गुडघेदुखी थांबवण्यासाठी टॅनेझुमॅब तयार केलं गेलं. दुखणं कमी व्हायचं, पण काही रुग्णांचे सांधे वेगाने नष्ट होताना दिसले आणि २०१० मध्ये अमेरिकेत चाचण्या थांबवल्या गेल्या. पुढे त्या पुन्हा सुरू झाल्या. मार्च २०२१ मध्ये तिथल्या सल्लागार समितीने १९ विरुद्ध १ मतांनी, धोका नियंत्रणात ठेवता येईल हे मान्य केलं नाही, आणि त्या वर्षअखेरीपर्यंत कंपन्यांनी औषध सोडून दिलं.

वादी_आणि_तळ

शार्कोचा खरा उपचार प्लास्टर आहे, त्यामुळे त्यावर सविस्तर. टोटल कॉन्टॅक्ट कास्ट म्हणजे गुडघ्याखालपासून बोटांपर्यंत, कातडीला सगळीकडे चिकटून बसणारं प्लास्टर. फ्रॅक्चरच्या प्लास्टरसारखं जाड कापसाचं अस्तर यात चालत नाही. कापूस दबला की आत पोकळी होते आणि पाय आत घासतो.

करताना रुग्णाला पालथं झोपवून गुडघा काटकोनात वाकवतात, घोटाही ९० अंशांत. बोटांच्या बेचक्यांत कापूस किंवा गॉझ, वर बिनसुरकुतीचा जाळीदार मोजा. एका सुरकुतीनेही व्रण पडतो. नडगीच्या धारेवर आणि दोन्ही घोट्यांवर फेल्टच्या पट्ट्या. बोटं फोममध्ये झाकून आत बंद करतात, म्हणजे खडा आत जात नाही. मग प्लास्टर ऑफ पॅरिसचा पातळ थर. हा हाताच्या तळव्यांनी घासत पावलाच्या आकारावर बसवायचा, बोटांच्या टोकांनी दाबायचं नाही. बोटाचा खळगा आतून गाठ होऊन लागतो. त्यावर फायबरग्लास आणि खाली टाचेसारखा रबरी तळ.

पहिलं प्लास्टर ३ ते ७ दिवसांत बदलायलाच हवं. सूज इतकी भरभर उतरते की आठवड्यात ते बुटासारखं ढिलं होतं. पुढे दर आठवड्या-दोन आठवड्यांनी. ‘चांगलं बसलंय, महिनाभर राहू दे’ ही सर्वांत महागात पडणारी सूचना. रुग्णाला घासल्याचं कळणार नाही, म्हणून घरच्यांना दुसऱ्या खुणा शिकवायच्या: वरच्या कडेतून दोन बोटं सहज जातात, पाय आत वर-खाली होतो, वास येतो, प्लास्टरवर डाग उमटतो, ताप येतो, किंवा खाणं-औषध तेच असून साखर अचानक वाढते. यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी कापून बघायचं.

रक्तपुरवठा फार कमी असेल किंवा खोल संसर्ग असेल तर हे प्लास्टर घालत नाहीत.

दुसऱ्या पायाकडे सगळे दुर्लक्ष करतात. प्लास्टर घातलेला पाय लांब होतो, कंबर तिरकी पडते आणि भार दुसऱ्या, तितक्याच बधिर पावलावर जातो. प्लास्टरचा तळ जेवढा जाड, तेवढी उंची दुसऱ्या चपलेला द्यायची.

काढता येणारा वॉकर बूट मिळतो. घरी गेल्यावर तो काढला जातो, हीच अडचण आहे. अशा साधनांवरच्या एका प्रसिद्ध पाहणीत दिवसभराच्या एकूण पावलांपैकी फक्त २८ टक्के पावलं बूट घालून टाकलेली निघाली. रात्री न्हाणीघरात जायची दहा पावलं ‘थोडीशीच’ वाटतात, पण सैल झालेल्या सांध्याला ती पुरतात. म्हणून वॉकरवर फायबरग्लासचा एक पट्टा गुंडाळून तो न निघणारा करतात. प्लास्टरवाला कुशल माणूस जवळ नसेल तिथे हा चांगला मार्ग आहे.

साखरमाप

घरी करता येणाऱ्या दोन चाचण्या.

*स्पर्श:* रुग्णाने डोळे मिटायचे. दुसऱ्याने तर्जनीच्या टोकाने अंगठा, मधलं बोट आणि करंगळी यांच्या टोकांना एक-दोन सेकंद हलकाच स्पर्श करायचा. दोन्ही पाय मिळून सहा जागा. दाबायचं नाही, टोचायचं नाही, ‘कळलं का?’ असं दर वेळी विचारायचंही नाही, नाहीतर माणूस अंदाजाने हो म्हणतो. दोन किंवा जास्त जागी कळलं नाही तर पाय बधिर धरा. दवाखान्यात हेच १० ग्रॅमच्या नायलॉन तंतूने करतात. तंतू वाकेपर्यंत टेकवायचा, एक-दोन सेकंद ठेवायचा आणि घट्ट्यावर लावायचा नाही, कारण तिथे निरोगी माणसालाही कळत नाही.

*तापमान:* कोविडच्या काळात घरोघरी आलेला इन्फ्रारेड थर्मामीटर चालतो, पण तो कपाळाच्या मोडवर ठेवू नका. त्या मोडमध्ये यंत्र आकड्यात स्वतः फेरफार करतं. वस्तूचा किंवा पृष्ठभागाचा मोड निवडा. चपला-मोजे काढून १५ मिनिटं बसा, पाय थंड फरशीला टेकवू नका, पंख्याचा झोत एकाच पायावर नको. अंगठा, चवड्याच्या तीन जागा, पावलाचा मध्य आणि टाच अशा सहा जागा दोन्ही पायांवर सारख्याच अंतरावरून मोजा. त्याच जागेचा दोन पायांतला फरक २.२ अंश सेल्सियसपेक्षा जास्त आणि तो दुसऱ्या दिवशीही टिकला, तर चालणं थांबवून पाय दाखवा. सूजही असेल तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. वहीत तारीख, उजवा, डावा, फरक असे चार रकाने पुरतात.

दोन्ही पाय एकदम बिघडले असतील किंवा एक पाय नसेल, तर ही तुलना निरुपयोगी ठरते.

पाऊलखूण

+१. प्लास्टर कधी काढायचं तेही याच मोजणीला जोडलेलं आहे, पण फक्त तिला नाही. तापमानातला फरक २ अंशांच्या आत येऊन टिकणं, सूज जाणं आणि एक्स-रेवर हाड जुळलेलं दिसणं, ही तिन्ही जमली पाहिजेत. याला कित्येक महिने लागतात. एकट्या तापमानावर काढलं तर पुन्हा पेटलेलं पाऊल परत येतं. आणि तापमान घ्यायचं ते प्लास्टर कापल्यावर पाय थोडा वेळ उघडा ठेवून, लगेच नाही.

भौतिकोपचार

कुष्ठरोगाचा उल्लेख राहिला. महाराष्ट्रात तो टाळून हा विषय पुरा होणार नाही. ‘महारोगात बोटं झडतात’ हे वाक्य अजून ऐकू येतं. बोटं झडत नाहीत. कुष्ठरोगाचे जंतू चेतातंतूंत शिरतात, बोट बधिर होतं, चहाचं पातेलं, विडी, खिळा यांच्या इजा कळत नाहीत आणि हाड टोकाकडून शोषलं जात आखूड होत जातं. एक्स-रेत पावलाचं लांब हाड चोखलेल्या गोळीच्या कांडीसारखं निमुळतं दिसतं. नख मात्र आखूड झालेल्या बोटाच्या टोकाला तसंच टिकून असतं. बोट गळून पडलं असतं तर नखही गेलं असतं.

वेल्लोरला शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी हेच ठामपणे मांडलं: मांस सडत नाही, वेदना नसल्याने इजा साचतात. बधिर पायासाठी प्लास्टर आणि मऊ तळाची पादत्राणं यांचा अनुभव कुष्ठरोगाच्या कामातून मधुमेहाकडे आला. वरोऱ्याजवळचं आनंदवन १९४९ पासून आहे. तिथे आणि अशा इतर संस्थांत बोटांच्या ज्या व्यंगांमुळे माणसं घराबाहेर काढली गेली होती, त्यांतली बरीच योग्य चपलेने आणि रोजच्या पाय-तपासणीने टळली असती, हे लिहिताना आजही वाईट वाटतं.

शतपावली

ती मऊ तळाची चप्पल म्हणजे एमसीआरच ना? विकत घेताना काय बघायचं? नवरात्रात अनवाणी राहणारे आणि वारीला जाणारे मधुमेही बरेच असतात, त्यांच्यासाठीही सांगा.

वादी_आणि_तळ

हो, मायक्रोसेल्युलर रबर. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत तळ दाबून बघा. तो निम्म्यापर्यंत दबला पाहिजे आणि सोडल्यावर परत फुगला पाहिजे. नुसता दबून राहिला तर तो साधा स्पंज आहे, महिन्याभरात पापड होईल. मऊ थर १० ते १२ मिलीमीटरचा, खाली खिळा-काटा आरपार येणार नाही असा कठीण तळ. जोडणी चिकटवून आणि शिवून, खिळे मारून कधीच नाही. टाचेमागे पट्टा हवाच, वर वेल्क्रो. अंगठ्यात अडकवायची कोल्हापुरी किंवा स्लीपर बधिर पायाला नको. ती धरून ठेवायला बोटं सतत आवळावी लागतात, आणि पायातून निसटली तरी कळत नाही.

शार्को जुळून गेलेल्या पावलाला मात्र तयार चप्पल चालत नाही. साच्यावर बनवलेला आतला तळ आणि बाहेरून कडक, पुढे वळवलेला तळ लागतो, म्हणजे पाऊल न वाकता पुढे लोळतं. कुष्ठरोग कार्यक्रमात एमसीआर पादत्राणं मोफत मिळतात, जिल्ह्याच्या कुष्ठरोग कार्यालयात चौकशी करावी.

अनवाणी नवसाबद्दल: बधिर पायाने अनवाणी चालू नये, देवळातही नाही. दुपारी तापलेल्या फरशीने तळव्याला फोड येतो आणि तो संध्याकाळी मोजा काढताना दिसतो. सकाळी लवकर दर्शन घ्या, आत जाताना जाड मोजे घाला. मोजे फिकट रंगाचे घ्या, रक्ताचा किंवा पाण्याचा डाग लगेच दिसतो.

साखरमाप

वारीबद्दल माझ्याकडून. आळंदी ते पंढरपूर अंतर साधारण अडीचशे किलोमीटर आहे. शार्को सक्रिय असेल किंवा प्लास्टर नुकतंच निघालं असेल तर त्या वर्षी पायी वारी नको. नुसता बधिरपणा असेल तर मुक्कामाला पोचल्यावर रोज दोन्ही तळवे आरशात बघायचे, बोटांच्या बेचक्यांत बोट फिरवायचं, चप्पल घालण्याआधी उलटी करून झटकायची आणि आत हात घालून चाचपायची. पावसात भिजलेले मोजे तसेच ठेवायचे नाहीत, तीन-चार जोड पिशवीत असावेत. थर्मामीटर फार जड नसतो, तो बरोबर ठेवा. दिवसभर चालल्यावर दोन्ही पाय गरम असणारच, म्हणून आकडा रात्रीचा घेऊ नका. सकाळी उठल्यावर, चालायला लागण्याआधी घ्या. एक पाय तेव्हाही दुसऱ्यापेक्षा दोन-अडीच अंशांनी गरम असेल तर दिंडीच्या ट्रकमध्ये बसा आणि वाटेवरच्या आरोग्य पथकाला ‘पाय बधिर आहे आणि एकच पाऊल गरम आहे’ एवढं सांगा. ‘पाय सुजलाय’ एवढंच म्हटलंत तर हातात सुजेची गोळी पडेल.

शतपावली

वहीचे रकाने आखून घेतले. सहा जागांची चित्रं कोणी काढून टाकली तर धाग्याच्या सुरुवातीला जोडता येतील.

साखरमाप

उद्या टाकते. चवड्याच्या तीन जागा म्हणजे अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या आणि करंगळीच्या मुळाखालचा उंचवटा, तोवर तसं लिहून ठेवा.